शाळेची फी म्हशीच्या बिलातून

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बायकोला फोन आला. शाहूपुरीतल्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती पूर्वी काम करत होती, तिथल्या डॉक्टरबाईंचा. एक जागा रिकामी होणार होती. जूनच्या दुसऱ्या सोमवारी हजर व्हायचं, वेळ सकाळी नऊ ते दुपारी दोन. "मेच्या पंधरा तारखेपर्यंत नक्की सांग, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते," असं त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर बायकोने कपाटातून पांढरा ॲप्रन काढला आणि धुवायला टाकला. तो स्वच्छच होता. चार वर्षं तो घडी करून ठेवलेला होता.

आमची मुलगी तेव्हा सव्वातीन वर्षांची होती. म्हणजे पंधरा मेच्या आत तिला शाळा मिळणं आणि त्या शाळेने तिला दोन वाजेपर्यंत सांभाळणं, या दोन गोष्टींवर ती नोकरी अवलंबून होती.

घरात चौथं माणूस म्हणजे माझे वडील. त्यांना सगळी गल्ली आबा म्हणते. आमची गल्ली शहरात धरायची की गावात, यावर अजून एकमत नाही. त्यामुळे परसात म्हैस आहे आणि दारात महापालिकेची घंटागाडीही येते. आबा गल्लीतल्या दूध संस्थेचे कित्येक वर्षं सेक्रेटरी होते. आता निवृत्त आहेत. पण सकाळ-संध्याकाळ एका म्हशीचं दूध डेअरीत घालायला ते स्वतः जातात, आणि मुलगी चालायला लागल्यापासून त्यांच्याबरोबर जाते. तिची स्वतःची छोटी किटली आहे. त्यात पाणी असतं.

मुलीला आबांवर सोपवून नोकरीला जावं, असं आबांचं म्हणणं होतं. बायको तयार नव्हती. फेब्रुवारीत एकदा मुलगी एकटीच डेअरीकडे निघाली होती. आबा मागे धावले, पण गुडघ्यामुळे पोचले नाहीत. शेवटी समोरून उसाचा ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या माणसाने गाडी थांबवून तिला उचलून आणलं. "आबा, तुमच्या गुडघ्यावर मी माझी नोकरी उभी करणार नाही," असं बायको म्हणाली. आबांनी गुडघ्याकडे बघितलं आणि वाद संपवला.

शाळा शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. मी एका दैनिकाच्या पुरवणी विभागात आहे. दर एप्रिलला आम्ही शाळाप्रवेशाची पुरवणी काढतो, त्यामुळे यादी कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. पुरवणीतून घरापासून जवळच्या सात शाळा निवडल्या, कागदावर रकाने आखले: अंतर, वेळ, वर्गातली मुलं, स्वच्छतागृह, वाहन, फी. दोन आठवड्यांत सातही पाहिल्या. एक टायरच्या दुकानावर होती आणि तिच्या नावात 'इंटरनॅशनल' होतं. एकीत मुलांसाठी घोडा होता, पण तो भाड्याचा होता आणि फक्त पालक येणार त्या दिवशी येत होता. एकीच्या संचालकांनी मला तासभर मेंदूच्या वाढीविषयी सांगितलं. स्वच्छतागृह दाखवा म्हटल्यावर चावी हरवली असल्याचं निघालं.

बायको प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारत होती. सुटते किती वाजता? आणि मला यायला उशीर झाला तर?

सहा ठिकाणी शाळा साडेअकराला सुटत होती. दुसऱ्या प्रश्नाला एका ठिकाणी "उशीर करू नका" असं उत्तर मिळालं. सातवी शाळा कागलकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. पांढरी इमारत, आत गारवा, भिंतीवर हत्ती. तिथे अडीचपर्यंत पाळणाघराची सोय होती. फी वर्षाची एकरकमी, माझ्या दोन पगारांहून थोडी जास्त. आम्ही घरी येऊन हिशेब केला. बायकोच्या पहिल्या पाच महिन्यांच्या पगारातला मोठा भाग तिकडे जाणार होता. "जाऊ दे," ती म्हणाली. "सहाव्या महिन्याचा तर माझा असेल."

प्रवेशाआधी मुलाशी आणि पालकांशी गप्पा होतात. त्याला तिथे मुलाखत म्हणत नाहीत. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला बोलावलं. छोट्या खुर्च्या, गोल टेबल, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एक समन्वयक. शेजारच्या टेबलावर आणखी दोन मुलं आणि त्यांचे पालक. समन्वयकबाईंनी मुलीसमोर चित्राचं कार्ड धरलं.

"हे काय आहे, बेटा?"

"गाय," मुलगी म्हणाली. मग चित्र नीट बघून, "म्हस न्हाय."

"व्हेरी गुड! आणि गाय आपल्याला काय देते?"

"बिल."

समन्वयकबाई जरा पुढे झुकल्या. "काय देते?"

"बिल. धा दिवसांनी." मुलीने दोन्ही हातांची बोटं दाखवली. "पर गाईला फॅट कमी लागतंय. म्हशीला जास्ती लागतंय."

आमच्याकडे संस्था दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे देते. दूध घातलं की यंत्रावर फॅट बघतात, त्यावर दर ठरतो. मुलीने जे सांगितलं ते अचूक होतं. समन्वयकबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि रंगीत ठोकळे पुढे केले. मुलीने ते एका रेषेत लावले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा येऊन मधला ठोकळा घेऊ लागला, तेव्हा तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"ओ पावणं, लायनीत या की."

मुलगा घाबरून त्याच्या आईकडे गेला. बाईंनी कविता येते का विचारलं. मुलगी म्हणाली, "न्हाय. तुमी म्हणा की, मी ऐकतो." आमच्याकडे मुलीही 'ऐकतो'च म्हणतात. तेवढ्यात शिपाई चहा ठेवून गेला. बाई लिहीत राहिल्या. मुलीने कप त्यांच्याकडे सरकवला. "घ्या की च्या. गार व्हायलाय."

बायकोने तोंडावर ओढणी धरली होती. तिचे खांदे हलत होते. बाहेर आल्यावर स्कूटर रसाच्या गाड्यावर थांबवावी लागली, कारण दोघांनाही हसू आवरत नव्हतं आणि रस्ता मोठा होता. रस प्यायलो. मुलीने रसवाल्याला विचारलं, "तुमचं बिल कवा निघतंय?"

चौथ्या दिवशी फोनवर संदेश आला. मुलीची भाषिक तयारी अद्याप पुरेशी नाही, पुढील वर्षी अवश्य विचार करू. बायकोने तो दोनदा वाचला. मग आत गेली, खुंटीवर इस्त्री करून टांगलेला ॲप्रन काढला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. पंधरा तारखेला चार दिवस उरले होते.

आबा दारातून बघत होते. "माझ्यामुळं झालं गं पोरी हे. मीच शिकवलं समदं."

"तुमच्यामुळं काय?" बायको म्हणाली. "खोटं कुठं बोलली ती? बिलच देते की गाय."

ती हसून बोलली, पण आबांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलीला न घेताच डेअरीला निघाले. मुलगी किटली घेऊन फाटकात उभी राहिली आणि आरडाओरडा करू लागली. आबांनी मागे बघितलं नाही. दुधाची किटली मी त्यांच्याकडून घेतली आणि बरोबर गेलो. मी डेअरीत बऱ्याच वर्षांनी जात होतो.

रांगेत आठ-दहा बायका आणि दोन म्हातारे होते. पुढच्या एका बाईने डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "आबा, साहेबीण कुठाय तुमची?"

"घरात हाय. शाळंनं नापास केली."

"नापास? आत जायच्या आदीच?"

"काय इचारलं म्हणायचं?" दुसरी म्हणाली.

आबांनी पडलेल्या आवाजात सगळं सांगितलं. गाय काय देते इथपर्यंत आले आणि रांग हसायला लागली. माप घालणाऱ्या पोऱ्याचं दूध सांडलं. पहिल्या बाईने किटली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवले. "मग बरुबरच सांगितलंय की पोरीनं! बिलाबिगर गाय कशाला कोण पाळंल?"

"त्यास्नी काय पायजे हुतं?"

"दूध म्हणायचं हुतं म्हणं."

"अगं बया. दूध आपुन काढतोय. ती कुठं देती?"

पुन्हा हशा. आबांचा चेहरा जरा सैल झाला. मग तीच बाई माझ्याकडे वळली. "माझ्या नातवाला मी अक्कांकडं घातलाय. तिकडं बघितलं न्हाईसा?"

"कोण अक्का?"

"गुळाच्या वखारीतली शाळा की."

"ती माझ्या यादीत नव्हती," मी म्हणालो.

"कसल्या यादीत?"

"पेपरातल्या. पुरवणीतल्या."

बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पावणं, शाळा पेपरात असती व्हय? शाळा गल्लीत असती."

त्या गल्लीत जन्मून मला चाळीस वर्षं होऊन गेली होती. त्या सकाळी मी पाव्हणा ठरलो, आणि त्यात चूक नव्हती. पुरवणीतली प्रत्येक शाळा जागेचे पैसे भरून आलेली असते. त्यांचे मथळे मीच देतो. 'संस्कार आणि आधुनिकतेचा संगम' हा मथळा मी तीन वेगवेगळ्या वर्षी तीन वेगवेगळ्या शाळांना दिलेला आहे. दुसऱ्या कुणी असली यादी माझ्यापुढे ठेवली असती, तर मी ती कुठून आली हे आधी विचारलं असतं.

वखार आमच्या घरापासून पायी आठ मिनिटांवर, जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, मागे आहे. ऑफिसला जाताना रोज तिच्यावरून जातो. बंद गोदाम समजत होतो, कारण पाटी नाही. मी आणि बायको मुलीला घेऊन त्याच दिवशी दहा वाजता गेलो. आबा मागून आले. त्यांना बोलावलं नव्हतं.

अक्का साठीच्या होत्या. सुती नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, डोळ्यांवर जाड चष्मा. सासऱ्यांचा गुळाचा व्यापार होता. तो मार्केट यार्डात गेला आणि ही जागा रिकामी राहिली. अक्का शिक्षिका होत्या, निवृत्तीनंतर त्यांनी इथे मुलं गोळा केली. बावीस मुलं, मदतीला दोन बायका. भिंतींना अजून गुळाचा वास येतो. पावसाळ्यात मुंग्या येतात, हे त्यांनी न विचारता सांगितलं. फाटकाची कडी मोठ्या माणसाच्या खांद्याइतकी उंच होती. स्वच्छतागृह एकच होतं, पण उघडं होतं आणि धुतलेलं होतं. मी सवयीने सगळं टिपून घेतलं.

बायकोने पहिला प्रश्न विचारला. "सुटते किती वाजता?"

"तू कितीला सुटतीस?"

"दोनला."

"शाहूपुरीतनं यायला वीस मिनिटं. मग ही दोन वीसला सुटंल."

"आणि मला उशीर झाला तर?"

"उशीर झाला तर इथंच झोपंल," अक्का म्हणाल्या. "त्यात काय?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. दोन आठवड्यांत सात शाळांमध्ये कुणीही उलटा प्रश्न विचारला नव्हता.

मुलीला अक्कांनी काहीच विचारलं नाही. मुलांची पाणी प्यायची वेळ झाली होती. माठापाशी गर्दी होती, दोघं एकमेकांना ढकलत होती. अक्कांनी पितळेचं माप मुलीच्या हातात दिलं. "पाणी घालतीस ह्यास्नी?"

मुलीने माप उलटंसुलटं करून बघितलं. मग माठापुढे उभी राहिली आणि आबांच्या आवाजात ओरडली, "ओ, लायनीत या! ढकलायचं न्हाय! भांडं सरळ धरा की पावणं, सांडालंय!"

बावीस मुलांची रांग लागली. इतकी सरळ रांग मी कुठल्याही सरकारी कचेरीत पाहिलेली नाही. प्रत्येकाच्या भांड्यात ती एक माप पाणी घालत होती आणि म्हणत होती, "व्हा म्होरं." एक मुलगा दुसऱ्यांदा आला. त्याला तिने ओळखलं. "तुमचं झालंय."

अक्का चष्म्यावरून बघत होत्या. "हे कुणी शिकवलं?"

आबा दारात उभे होते. सकाळपासून त्यांना ज्याची भीती होती तोच प्रश्न आला होता. ते खाली बघत म्हणाले, "मीच की. चुकलं म्हणायचं."

"चुकलं कशाला?" अक्का म्हणाल्या. "मला चार महिने लागतात रांग लावायला. सोमवारपास्नं पाठवा हिला."

"जूनच्या दुसऱ्या सोमवारपासून," बायको घाईने म्हणाली.

अटी दोन होत्या. पहिली, डब्यात कांदा, लसूण, बटाटा, अंडं चालत नाही. मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालणारच, म्हणून सगळ्यांना सारखंच. आबांना हा मोठा धक्का होता. "मग पोरगी खाणार काय?" त्यांनी विचारलं. अक्कांनी सांगितलं, "शेंगदाणे, गूळ, चपाती, मुगाची उसळ. मी साठ वर्षं हेच खाल्लंय आबा. मेले न्हाय."

दुसरी अट फीची. ती महिन्याची नव्हती, वर्षाचीही नव्हती. दर दहा दिवसांनी, डेअरीचं बिल निघालं की दुसऱ्या दिवशी. शाळा सुरू झाली तेव्हाची मुलं बहुतेक दूध घालणाऱ्या घरांतली होती, म्हणून तसं ठरलं आणि पुढे तसंच राहिलं. मी कारण विचारलं. अक्का म्हणाल्या, "महिन्याची फी नवऱ्याला मागायला लागते. धा दिवसांचं बिल बाईच्या हातात पडतंय. ती पहिली पोराची फी भरती, मग बाकीचं."

वर्षाची बेरीज मी मनात केली. पांढऱ्या इमारतीत नुसता अर्ज आणि प्रवेश यांचे जेवढे होत होते, त्यापेक्षा थोडी कमी.

बायकोने तिथल्याच पायरीवर बसून डॉक्टरबाईंना फोन लावला. "मॅडम, मी येते," एवढंच म्हणाली. मग फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ बसून राहिली. पलीकडून फोन कधीच बंद झाला होता.

घरी आल्यावर फी कुणी भरायची यावरून वाद झाला. मी म्हणालो, मी भरतो. बायको म्हणाली, माझ्या नोकरीसाठी शाळा आहे, मी भरणार. आबा म्हशीला वैरण टाकत होते. तिथूनच म्हणाले, "फी म्हस भरंल."

"आबा, ते तुमचे पैसे आहेत," बायको म्हणाली. बिलाचे पैसे आबांकडेच असतात. त्यातून त्यांची तंबाखू, महिन्यातून दोनदा मिसळ आणि मुलीचे फुगे येतात.

"धा दिवसांची फी हाय, धा दिवसांचं बिल हाय. मधी तुमचं काय काम?"

"आणि म्हैस आटली तर?"

"आटली तर तुझा पगार हाय की. तवर भरू दे तिला. तिलाबी वाटू दे काय तरी केलं म्हणून."

म्हशीला काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता. ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवसापासून आबा मुलीला पुन्हा डेअरीला नेऊ लागले.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी बायकोने पुन्हा खुंटीवर आलेला ॲप्रन पिशवीत घातला. साडेआठला मुलीला वखारीत सोडलं. इतर नवी मुलं रडत होती. मुलगी रडली नाही. माठाकडे गेली आणि माप जागेवर आहे का बघितलं. रडू आलं ते बायकोला, आणि तेही स्कूटर वळवेपर्यंतच. आबा बाहेर पायरीवर बसले. मी ऑफिसला गेलो.

त्या दिवशी लॅबमध्ये गर्दी होती. बायको दोनऐवजी दोन-पंचवीसला निघाली आणि वाटेत रेल्वेच्या फाटकात अडकली. वखारीत पोचली तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं होती. ती धावत आत गेली. मुलगी चटईवर बसून दुसऱ्याच कुणाच्या तरी डब्यातली उसळ खात होती. आबा अजून पायरीवरच होते. त्यांच्या मांडीवर एक अनोळखी मूल झोपलं होतं.

"उशीर झाला गं," बायको म्हणाली.

मुलीने वर बघितलं. "लवकर आलीस. जा की परत. माझं जेवण व्हायलंय."

बायकोने हे मला संध्याकाळी तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा तपशील सारखेच होते.

पहिलं बिल निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा धोतर बदलून, टोपी घालून फी भरायला गेले. पायरीवर रोज बसलेलं बघून अक्कांनी त्यांना काम दिलं. आता सकाळी हजेरी ते घेतात. संस्थेत सभासदांचे नंबर पुकारायचे त्याच आवाजात मुलांची नावं पुकारतात, आणि मुलं "हाय!" म्हणून ओरडतात. आवाज बस्तीपर्यंत ऐकू येतो.

यंदा एप्रिलमध्ये पुन्हा पुरवणी निघाली. जाहिरात विभागातल्या सहकाऱ्याने माझ्याकडून ऐकून अक्कांना फोन केला. अक्का म्हणाल्या, "पाटीच लावली न्हाय, आणि जाहिरात कुठली?" पुरवणीत वखार आली नाही. मथळे मी दिले. 'संस्कार आणि आधुनिकतेचा संगम' मात्र या वेळी वापरला नाही.

बायकोचा पहिला पगार गेल्या जुलैत झाला होता. त्या दिवशी ती दुपारी मुलीला घेऊन आली, तेव्हा स्कूटरच्या पायापाशी पशुखाद्याचं मोठं पोतं होतं. मुलगी त्या पोत्यावर बसली होती. आबा बाहेर आले.

"हे कशाला आणि?"

"माझ्या मुलीची फी भरते ती," बायको म्हणाली. "तिला नुसत्या वैरणीवर ठेवून चालेल?"

पोतं मी उचललं. मुलीने पाणी घालायच्या तिच्या छोट्या किटलीने म्हशीपुढे पहिलं माप टाकलं आणि म्हणाली, "खा की, पावणं."

संध्याकाळी आबा डेअरीतून परतले आणि पावती माझ्यापुढे धरली. फॅट सकाळच्यापेक्षा वाढली होती. एका पोत्याने चार तासांत फॅट वाढत नाही, हे मला माहीत आहे आणि आबांनाही माहीत आहे. पण पावती आहे, तिच्यावर यंत्राचा आकडा आहे, आणि तो मी स्वतः वाचला आहे.